एकोणीस बरोबर, एक चूक

१

लखोट्यावरची सही जुळत नव्हती.

आठ दिवसांपूर्वी घर-तपासणी कार्यालयाच्या साहेबांनी तो लखोटा चिकटवला आणि झाकणावरून खालच्या कागदावर उतरेल अशी लांबलचक सही ठोकली. हेतू हा, की कोणी झाकण उचकटलंच तर पुन्हा चिकटवताना त्याला घाम फुटावा. कोणाला तरी तो फुटलाही असणार, पण काम त्याने तडीस नेलं होतं. सहीचा वरचा तुकडा डावीकडे सरकला होता आणि खालचा होता तिथेच होता. आज उत्तरं तपासायला लखोट्याची कड कापून आतला कागद काढताना साहेबांना ते दिसलं.

“दोन मिलिमीटर,” ओळंबाबाई म्हणाल्या. टेप त्यांनी पर्समधून काढलीसुद्धा नव्हती.

त्यांचं खरं नाव कार्यालयात फारसं कोणाला आठवत नसे. तीस वर्षं त्यांनी लोकांची घरं तपासली, त्यातली शेवटची दहा मुख्य तपासनीस म्हणून, आणि या तीस वर्षांत पितळेचा एक ओळंबा त्यांच्या पर्समधून कधी बाहेर राहिला नाही. भिंत सरळ आहे असं कोणी नुसतं तोंडाने म्हटलं की बाई दोरी सोडायच्या. स्वतःही तशाच ताठ चालायच्या आणि बोलायच्याही तशाच सरळ, त्यामुळे नाव चिकटलं ते कायमचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी परीक्षा आली की साहेब त्यांना बोलावून घेत.

परीक्षा घर-तपासनीसांची. जो पास होईल त्याला परवाना मिळतो, आणि मग त्याच्या सहीशिवाय त्या भागातल्या नव्या घरात कोणाला राहायला जाता येत नाही. आजवर ही परीक्षा कागदावर व्हायची. पायरीची उंची किती असावी, खिडकी केवढी असावी, लिहा उत्तर. ओळंबाबाईंना ते कधीच पटलं नव्हतं. नियमपुस्तक पाठ असलेली आणि पडकी भिंत समोर असून ती न ओळखणारी माणसं त्यांनी ढिगाने पाहिली होती. चार वर्षं त्यांनी कार्यालयाचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे यंदा पहिल्यांदा परीक्षा एका खऱ्या घरात झाली.

घर कार्यालयाच्या मागेच होतं, दुमजली, बरंच जुनं. बाईंनी सांगितलं तसं सुताराने त्यात मुद्दाम वीस चुका केल्या. एक पायरी उंच, एक दार उलट्या बाजूला उघडणारं, एक विजेचं बटण पाण्याच्या नळाला खेटून. उमेदवाराने एकट्याने आत जायचं, तासाभरात चुका शोधायच्या आणि प्रत्येक चूक मापासकट लिहायची. त्या वीस चुकांची यादी या लखोट्यात होती, बाईंच्या हस्ताक्षरात.

“फोडला कोणी तेही मला ठाऊक आहे,” साहेब म्हणाले. “निकाल संध्याकाळी पाच वाजता लावायचाय. त्याला बाद करायला तुमची फक्त सही हवी.”

“कोणाच्या नावावर?”

“फरशीवाल्याच्या.”

बाईंनी लखोटा टेबलावर ठेवला. ते नाव त्यांना नको होतं.

२

परीक्षेला तिघेच होते. घरांची खरेदी-विक्री करणारा एक एजंट, नुकताच शिकून बाहेर पडलेला एक इंजिनिअर आणि आयुष्यभर फरश्या बसवलेला एक पन्नाशीचा माणूस. या तिसऱ्याचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं काम बंद करायला सांगितलं होतं, आणि फरशीचं काम उभ्याने करता येत नाही. परवाना मिळाला तर घर चालणार होतं. परीक्षेला तीनदाच बसता येतं, आणि हा त्याचा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता.

आधीच्या दोन्ही वेळी तो कागदावर आपटला होता. वीसपैकी अकरा, मग बारा. मागच्या वर्षी निकाल घेऊन तो दारात उभा होता तेव्हा ओळंबाबाई त्याला म्हणाल्या होत्या, “कशाला त्रास करून घेता? तुम्ही आपली फरशीच बसवा.” तो नुसता मान हलवून गेला. त्याचे गुडघे गेलेत हे बाईंना नंतर कळलं, आणि ते वाक्य तेव्हापासून त्यांना टोचत होतं.

“बघा आता,” साहेबांनी तीन उत्तरपत्रिका पसरल्या. “एजंट, नऊ. इंजिनिअर, सतरा. आणि हे महाशय, एकोणीस! अकरा, बारा आणि एकदम एकोणीस. दुसरं, आदल्या संध्याकाळी ते या खोलीत कपाटाशी उभे होते, एजंटाने पाहिलंय. कपाटाची किल्ली कॅलेंडरच्या मागे असते, हे तर बाहेरच्या मांजरालाही माहीत आहे. तिसरं, एकोणीस मापं अगदी बिनचूक, पण कच्चा कागद कोरा. बाकी दोघांनी कच्च्या कागदावर आकडे खरडलेत. यांनी काहीच नाही. मापं काय आकाशातून पडली?”

“आणि विसावी चूक?”

“तीच तर गंमत आहे. विसावी होती वरच्या मजल्यावरचा कठडा. गजांमधलं अंतर दहा सेंटिमीटरच्या आत हवं, तिथे तेरा पॉइंट चार ठेवलं होतं. सगळ्यात सोपी चूक, बाई. नियमपुस्तकाच्या पहिल्या पानावरची. बाकी दोघांनी ती लिहिली. यांनी तेवढीच सोडली. का? तर वीसपैकी वीस पडले की संशय येतो. मुद्दाम सोडली.”

बाईंनी फरशीवाल्याची उत्तरपत्रिका उचलली. अक्षर मोठं, सावकाश काढलेलं. एकोणीस ओळींपुढे साहेबांची हिरवी खूण होती. विसाव्या ओळीवर लाल फुली होती आणि शेजारी शेरा, ‘उत्तरसूचीत नाही’. ओळ अशी होती: वरचं न्हाणीघर, दारापासून तिसरी रांग, फरशी पोकळ वाजते, खाली कोणी झोपत असेल तर तातडीने बघा.

“हे काय?”

“जागा भरायला काहीतरी ठोकून दिलंय,” साहेब म्हणाले.

बाईंचं लक्ष कठड्यावर होतं. त्यांनी ती ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला.

“साहेब, मला पाचपर्यंत वेळ द्या. तिघांनाही बोलवा.”

“कशासाठी? सगळं तर दिसतंयच.”

“एक प्रश्न मुद्दाम सोडायचा असेल तर शहाणा माणूस अवघड प्रश्न सोडेल,” बाई म्हणाल्या. “सगळ्यात सोपा सोडून स्वतःकडे बोट कोण दाखवून घेईल?”

साहेबांनी तिघांना निरोप धाडला, पण लाल पेनाचं टोपण काही लावलं नाही.

३

एजंट आधी आला. मनगटावर जाड घड्याळ आणि तोंडात साखर. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने बाईंच्या तब्येतीची चौकशी उरकून घेतली.

“नऊच मार्क कसे?” बाईंनी विचारलं.

“नऊ पडले? वा!” तो मनापासून खूश झाला. “मला पाचची आशा होती. बाई, तुमच्यापासून काय लपवायचं, मी घरं विकतो. घरातल्या चुका न बघण्याची मला वीस वर्षांची सवय आहे.”

“कठड्यातलं अंतर जास्त आहे असं लिहिलंय तुम्ही. माप नाही लिहिलं.”

“मोजलंच नाही तर लिहू काय? परीक्षेचं घर म्हटलं की कठडा चुकीचा असणारच, असं मी धरून चाललो. बरोबर आलं ना?”

“आणि फरशीवाल्याला कपाटाशी पाहिलंत ते?”

एजंट जरा चुळबुळला. “पाहिलं म्हणजे उभा होता तो. कपाटाला हात लावताना नाही पाहिलं. साहेबांनी विचारलं तेवढं सांगितलं. त्याचं वाईट व्हावं असं काही माझ्या मनात नाही हो.”

इंजिनिअर आला तो शर्टाची घडीसुद्धा न मोडता. पोरगा हुशार होता हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. सरावाच्या लेखी परीक्षेत त्याला वीसपैकी वीस होते, आणि हे त्याने पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं.

“घरातल्या परीक्षेत तीन सुटल्या.”

“वेळ कमी पडला, मॅडम. पण सतरा वाईट नाहीत.”

“अजिबात नाहीत. परीक्षेच्या दिवशी पहिला नंबर एजंटाचा होता, दुसरा तुमचा. तो आत असताना तुम्ही दोघं कुठे थांबला होतात?”

“मी इथे, कार्यालयात. ते फरशीवाले काका अंगणात फेऱ्या मारत होते. बसून राहिलं की गुडघे धरतात म्हणाले.”

“म्हणजे या खोलीत तासभर तुम्ही एकटेच.”

“शिपाई ये-जा करत होता,” तो म्हणाला आणि मग म्हणाला, “पण मॅडम, ते आदल्या संध्याकाळी इथे आले होते.”

“ते मला कळलंय. तुमच्या कठड्याचं माप तेरा पॉइंट चार. मोजलंत कसं?”

“टेपने,” इंजिनिअर हसला. “दुसरं कशाने मोजणार?”

त्याचं उत्तर बरोबर होतं. उत्तरसूचीशी दशांशापर्यंत जुळणारं.

४

फरशीवाला खुर्चीत बसला नाही. बसलो तर उठायला वेळ लागतो म्हणाला. कानावर सुतारांसारखी चपटी पेन्सिल होती आणि हाताच्या बोटांची टोकं सिमेंटने कायमची खरखरीत झालेली होती. बाहेर बाकावर त्याची लेक बसली होती. वर्षभर रोज संध्याकाळी तिने बापाला नियमपुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आता ते पुस्तक ती मांडीवर उलटं धरून बसली होती.

“आदल्या संध्याकाळी इथे कशाला आला होतात?”

“गुडघ्याला पट्टे बांधून आत गेलं तर चालेल का, ते विचारायला. साहेब नव्हते. दहा मिनिटं उभा राहिलो आणि गेलो.”

“कच्चा कागद कोरा का?”

त्याने कानावरची पेन्सिल चाचपली. मग म्हणाला, “मला कच्चा कागद कधी लागला नाही, बाई.”

“एकोणीस मापं डोक्यात ठेवलीत?”

“डोक्यात कशी राहतील? मी मोजल्याशिवाय काही लिहीत नाही, आणि मोजलं की लिहिल्याशिवाय तिथून उठत नाही.”

“मग लिहिलंत कुठे?”

त्याने खिडकीबाहेर मागच्या घराकडे पाहिलं आणि नजर पुन्हा आत वळवली. “ते नका विचारू. सांगितलं तरी बाद, नाही सांगितलं तरी बाद.”

“कठडा का सोडलात?”

“कठड्यात काय आहे?” त्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. “मी सोडला नाही काही. बघितला की.”

“बघितला आणि चूक दिसली नाही?”

“बाई, मागच्या वर्षी तुम्ही मला फरशीच बसवा म्हणालात. राग नाही आला. तुम्ही खरं तेच बोलत असणार, असं वाटलं. पण यंदा घरात सोडलंत तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हे आपल्याला येतं.” त्याने बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. “लेकीला काय ते तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं.”

तो दाराशी पोचला आणि थांबला.

“वरच्या न्हाणीघराचं मात्र कोणीतरी बघा. मार्क नाही दिलेत तरी चालेल.”

बाईंना शरम वाटली. त्यांनी पर्स उचलली आणि मागच्या घराचा रस्ता धरला.

५

परीक्षेच्या सकाळी बाईंनी घरातून एक चक्कर मारली होती. ताठ मानेने, हात मागे बांधून, प्रत्येक खोलीच्या दारातून आत नजर टाकत. सगळं जागच्या जागी वाटलं होतं. आता त्या वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि कठड्याचे गज मोजले.

सात भरले.

त्यांनी पुन्हा मोजले. कठडा जेमतेम मीटरभर लांबीचा आणि त्यात त्यांनी पाच गज लावायला सांगितले होते. पाच गज म्हणजे सहा फटी, प्रत्येक तेरा पॉइंट चारची. सात गजांच्या आठ फटी होतात. त्यांनी टेप लावली. नऊ पॉइंट तीन. रंग सगळ्या गजांना एकच होता, पण दोघांना पॉलिशचा वास अजून येत होता.

कठड्यात चूकच नव्हती.

“सुतारदादा!” बाईंनी खाली हाक मारली.

सुतार वर आला तोच मान खाली घालून. घराची राखणही त्याच्याकडेच होती. खालच्या मागच्या खोलीत तो, मुलगा, सून आणि दीड वर्षाची नात राहायची. परीक्षा होईपर्यंत या घरात पोराबाळांना ठेवायची मनाई होती आणि ती त्याला सहीनिशी कळवलेली होती.

“कधी बसवलेत हे दोन?”

“परीक्षेच्या तीन दिवस आधी.” त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही. “सून कामाला जाते, नात माझ्याजवळ असते. मी खाली रंधा मारत होतो. ही रांगत कधी जिना चढली कळलंच नाही. वरून रडणं ऐकलं. आलो तर डोकं गजांतून पलीकडे आणि अंग अलीकडे. साबण लावून सोडवली. बाई, खांदे जरा बारीक असते ना, तर ती खाली...”

“सांगायचं होतंत मला.”

“सांगितलं असतं तर पोर आत कशी आली, विचारलं असतंत. नोकरी गेली असती आणि खोलीही. तुम्ही चुकीचं करा म्हणालात, मी केलं. वीस चुका केल्या. पण ते बघितल्यावर पाच गज ठेवायला हात धजेना. दहा सेंटिमीटर कशासाठी लिहिलंय, ते मला त्या दिवशी कळलं.”

बाईंनी टेप गुंडाळली. ती चूक सुताराने केली होती, पण सांगितली त्यांनी होती. घर रिकामं आहे असं धरून चालल्या होत्या, आणि घर रिकामं आहे की नाही हे त्यांनी तपासलं नव्हतं.

“डोकं कुठे अडकलं होतं? दाखवा.”

“इथे, खाली.” सुतार जमिनीपासून हातभर उंचीवर बोट दाखवून म्हणाला.

बाई वाकल्या. वाकून नीट दिसेना म्हणून गुडघ्यांवर बसल्या. किती वर्षांनी बसल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि तिथे, शेवटच्या गजाशेजारी, उभ्या माणसाला कधी दिसणार नाही इतक्या खाली भिंतीवर, चपट्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ९.३. पुढे बरोबरची खूण.

बाई गुडघ्यांवरच पुढे सरकल्या. जिन्याच्या वरच्या पायरीच्या कडेला आकडा. चौथ्या पायरीपाशी आकडा आणि फुली. दाराच्या चौकटीच्या तळाशी आकडा. फरशी बसवणारा माणूस कागद शोधायला उठत नाही, माप घेतो तिथेच टेकल्या जागी खरडतो आणि पुढे सरकतो. चुकीचं असलेलं त्याने लिहिलं होतं, आणि बरोबर असलेलंही. चोरलेली यादी खिशात असलेला माणूस बरोबर असलेल्या जागा मोजत बसत नाही.

आणि तो गप्प का बसला तेही आता उघड होतं. घरात कुठेही खूण केली तर उमेदवार बाद, असा परीक्षेचा नियम होता. तो नियमही बाईंनीच लिहिला होता.

शेवटचा आकडा वरच्या न्हाणीघरात होता. आकडा नव्हताच तो. दारापासून तिसऱ्या रांगेतल्या एका फरशीभोवती गोल काढला होता, आणि गोलात तीन फुल्या होत्या.

बाईंनी पर्समधून ओळंबा काढला आणि त्या पितळी टोकाने फरशी वाजवली. शेजारची फरशी वाजवली. मग पुन्हा ती. आवाज रिकाम्या डब्यातून यावा तसा आला.

ही चूक त्यांनी सांगितली नव्हती. सुताराने केली नव्हती. लाल फुलीची ओळ त्यांना आता शब्दन् शब्द आठवली.

“दादा,” त्या न उठताच म्हणाल्या, “या न्हाणीघराच्या खाली काय आहे?”

“आमची खोली,” सुतार म्हणाला. “नातीची खाट.”

६

खाटेवर नात झोपली होती, तोंडात अंगठा घालून. सुताराने तिला उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. मग खाट ओढून भिंतीला लावली, स्टुलावर चढला आणि छताच्या फळीला पटाशी टेकवली. हातोडी मारायची गरज पडली नाही. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. फळी उचकटल्यावर वरची तुळई दिसली. हाताने दाबली तर ओल्या पावासारखी चुरून खाली पडली.

वरचा नळ कित्येक महिने फरशीखाली गळत असणार. सुतार स्टुलावरून उतरला आणि जमिनीवर बसून राहिला.

“मी सुतार ना, बाई,” तो म्हणाला. “ओलीचा वास रोज यायचा. वरच्या चुका करण्यात इतका गुंतलो, की डोक्यावर बघितलंच नाही.”

“मीही नाही बघितलं,” बाई म्हणाल्या. पोर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा झोपली होती, आणि ती चांगलीच जड होती.

साडेचार वाजता बाईंनी सगळ्यांना वर जिन्याच्या तोंडाशी बोलावलं. साहेब घड्याळ बघत आले. एजंट आला, फरशीवाला लेकीच्या आधाराने एकेक पायरी चढत आला, इंजिनिअर सगळ्यात शेवटी. सुतार नातीला कडेवर घेऊन भिंतीशी उभा राहिला. त्याला बाईंनी मुद्दाम तसंच यायला सांगितलं होतं.

“इंजिनिअरसाहेब,” बाईंनी त्याच्यापुढे टेप धरली, “हा कठडा पुन्हा एकदा मोजून दाखवा.”

त्याने टेप घेतली, दोन गजांमध्ये लावली आणि तसाच राहिला. मग पुढच्या फटीला लावली, मग त्याच्या पुढच्या. आठही फटी मोजून झाल्यावर तो सरळ झाला.

“किती भरलं?”

“नऊ पॉइंट तीन.” त्याने टेप मिटली.

“परीक्षेच्या तीन दिवस आधीपासून ते तेवढंच आहे. तेरा पॉइंट चार हा आकडा त्या दिवशी या घरात कुठेच नव्हता. तो एकाच ठिकाणी होता, माझ्या यादीत, त्या लखोट्यात. एजंटांनी कठडा अंदाजाने लिहिला, म्हणून त्यांच्याकडे माप नाही. फरशीवाल्यांनी मोजला, बरोबर निघाला, म्हणून लिहिला नाही. आणि तुम्ही न मोजता मापासकट लिहिलात.”

“पण यांची एकोणीस मापं आली कुठून?” साहेबांनी विचारलं.

“गुडघ्यांवर बसा, म्हणजे दिसतील.”

साहेब बसले नाहीत, पण वाकले. भिंतीवरचे आकडे वाचत वाचत ते चार पायऱ्या उतरले आणि परत वर आले तेव्हा लाल पेन खिशात गेलं होतं.

इंजिनिअर कठड्याला धरून उभा होता. “वर्षभर मी कागदाच्या परीक्षेचा अभ्यास केला,” तो म्हणाला. “कागदावर मला कोणी हरवत नाही. आणि मग तुम्ही म्हणालात, घरात जायचं. मी नकाशे खूप बघितलेत, मॅडम. घर असं बघितलेलं नाही. भीती वाटली. तीन चुका मीच सोडल्या, अवघडातल्या. कठडा सोपा, म्हणून ठेवला. तुमच्या यादीत आहे म्हटल्यावर मोजायचं कशाला, असं वाटलं.”

“यादीवर विश्वास ठेवलास आणि घराकडे बघितलं नाहीस,” बाई म्हणाल्या. रागवायचं ठरवून त्या आल्या होत्या, पण रागाबरोबर थोडी कीवही आली. “वर्षभर जाऊन घरं बघ. हातात वीट घे, फरशी घे. मग ये परीक्षेला. यंदाचा तुझा निकाल रद्द.”

तो टेप परत देऊन निघून गेला.

“राहिला खुणांचा प्रश्न,” साहेब घसा खाकरून म्हणाले. “नियमाने हे सुद्धा...”

“हे शेवटचे आत गेले होते. त्यांच्या खुणांचा फायदा व्हायला मागे कोणी नव्हतंच. आणि या पोरीच्या खाटेवर छत पडलं नाही, ते त्यातल्याच एका खुणेमुळे. नियमाला दंड हवाच असेल तर खोडरबर आणा. सगळ्या खुणा पुसल्या जातील. मी पुसेन.”

साहेबांनी नातीकडे पाहिलं. मनाईचा कागद त्यांनाही आठवला असणार. पण ते एवढंच म्हणाले, “सुतार, ती खोली दुरुस्त होईपर्यंत समोरची वापरा. समोरची जरा मोठी आहे.”

फरशीवाला यातलं काहीच ऐकत नव्हता. तो नातीजवळ गेला होता.

“हीच का खाली झोपायची?” त्याने सुताराला विचारलं. सुताराने मान हलवली. फरशीवाल्याने आपलं खरखरीत बोट पुढे केलं आणि पोरीने ते घट्ट धरलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

बाईंनी लखोट्यातली आपली उत्तरसूची काढली. कठड्याच्या ओळीवर काट मारली, खाली न्हाणीघराची ओळ लिहिली आणि सही केली. मग फरशीवाल्याच्या उत्तरपत्रिकेवरची लाल फुली खोडून तिथे हिरवी खूण केली.

“तुम्हाला वीस,” त्या म्हणाल्या. “आणि माझी यादी याच घराला लावली तर मला एकोणीस. यंदा पहिले तुम्ही, दुसरी मी. मागच्या वर्षी जे बोलले ते चुकलं माझं.”

लेकीने बापाचा दंड घट्ट पकडला. नियमपुस्तक तिच्या हातातून पडलं, पण उचलायला कोणी वाकलं नाही.

“त्यात तुमचं काही चुकलं नाही, बाई,” फरशीवाला म्हणाला. तो मनापासून त्यांची समजूत काढत होता. “तुम्हाला कधी खाली बसावं लागलं नाही ना, म्हणून राहिलं तेवढं.”

ओळंबाबाईंनी साहेबांकडून खोडरबर मागून घेतलं, पर्स बाजूला ठेवली आणि पहिल्या गजापाशी गुडघे टेकून त्या पुसायला बसल्या.